जबड्याचं ऑपरेशन, विम्याची मंजुरी आणि परत आलेली फाईल

भरतीची तारीख ठरलेली असते. कापूस विकून थोडे पैसे हाताशी ठेवलेले असतात, दवाखान्यात सोबतीला कोण थांबणार तेही ठरलेलं असतं. आणि आदल्या दिवशी दुपारी रुग्णालयाच्या विमा टेबलावरून फोन येतो, "तुमचं कॅशलेस नामंजूर झालं."

पांढरकवड्याजवळच्या एका गावात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. गेल्या दोन वर्षांत जबड्याच्या पाच फाईली माझ्या टेबलावर अशाच परत आल्या. पहिली माझ्या सख्ख्या भाच्याची. त्या एका फाईलवर आम्ही दोन महिने घासले आणि मग कळलं की जबड्याची फाईल दर वेळी त्याच तीन-चार शब्दांवर अडते. ते शब्द आणि त्यांचा उपाय सांगते. ज्यांच्या घरी तारीख जवळ आली आहे त्यांनी आधी आपल्या पत्रातला शब्द शोधावा आणि तेवढाच भाग वाचावा, बाकी नंतर.

भाच्याचं थोडक्यात: वय २२. खालचा जबडा लहान, हनुवटी मागे आणि जराशी डावीकडे वळलेली. समोरच्या वरच्या-खालच्या दातांत ११ मिलिमीटरचं अंतर, त्यामुळे भाकरीचा तुकडा समोरून तोडताच येत नाही, दाढेकडे सरकवून चावायचा. रात्री झोपेत श्वास अडकायचा. ताई सांगायची, "घोरता घोरता एकदम शांत होते, मंग दचकून उठते. मी रात्रभर त्याच्याकडेच पाह्यत रायते." वर्ध्याकडच्या एका मोठ्या रुग्णालयात सर्जननी सांगितलं की खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून पुढे आणावा लागेल, टायटॅनियमच्या पट्ट्या बसतील, जीभ पुढे आली की श्वासाची वाट मोकळी होईल. त्याआधी १४ महिने दातांना तारा होत्या. तो खर्च भाऊजींनी पदरचा केला. तारांचा खर्च आरोग्यविम्यात धरत नाहीत, त्यासाठी भांडण्यात वेळ घालवू नका.

पॉलिसी फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एकच, ३ लाखांची, जुलै २०१९ पासून न तुटता चाललेली. ऑपरेशन ठरलं डिसेंबर २०२४ मध्ये.

आधी पत्र कोणतं आहे ते ओळखा

रुग्णालयातला मुलगा फोनवर "रिजेक्ट झालं" एवढंच सांगतो. त्यावर विसंबू नका, पत्राची प्रत मागा. तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात.

पहिली म्हणजे क्वेरी. कंपनीने किंवा टीपीएने (कंपनीच्या वतीने दावे पाहणारी संस्था) आणखी कागद मागितलेत, इतकंच. हा नकार नाही. पण उत्तर वेळेत गेलं नाही तर फाईल बंद करतात आणि मग तो नकार होतो.

दुसरी, कॅशलेस नामंजूर. याचा अर्थ रुग्णालयाला कंपनी थेट पैसे देणार नाही. तुमचा दावा मेलेला नाही. स्वतः पैसे भरून, सगळी बिलं जोडून, घरी आल्यावर परतफेडीचा दावा लावता येतो. आमच्याकडे हे कोणालाच माहीत नसतं. शेजारच्या गावातल्या एका काकांनी कॅशलेस नाकारलं म्हणून बिलंसुद्धा जपली नाहीत. बैल विकून ऑपरेशन केलं आणि विम्याचा विषय तिथेच सोडला. माझ्याकडे आले तेव्हा कागद जमवण्याची वेळ निघून गेली होती. त्यांचा चेहरा आठवला की आजही जीव तुटतो.

तिसरी, दावा फेटाळला. हा खरा नकार, आणि यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते लिहून द्यावंच लागतं. विमा नियामक प्राधिकरण म्हणजे आयआरडीएआय. त्यांच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा आहे, रुग्णालयातून सुट्टी मिळताना अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची आहे, आणि कंपनीच्या दावा आढावा समितीने पाहिल्याशिवाय दावा फेटाळायचा नाही. पत्रात कलम नसेल तर ईमेलवर एकच ओळ लिहा: "कोणत्या कलमाखाली नाकारलं ते कृपया लेखी कळवावे." त्या एका ओळीने आमच्या एका फाईलचा सूरच बदलला.

एक तासाच्या भरवशावर मात्र अर्ज भरतीच्या सकाळी टाकू नका. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर चार-पाच दिवस आधी अर्ज जाऊ द्या, म्हणजे क्वेरीला उत्तर द्यायला वेळ राहतो. रुग्णालय कंपनीच्या यादीत नसेल तर जानेवारी २०२४ पासून तिथेही कॅशलेस मागता येतं. त्यासाठी कंपनीला भरतीच्या ४८ तास आधी कळवावं लागतं आणि रुग्णालयाने तयारी दाखवावी लागते.

"दातांचा इलाज" म्हणून परत आलं

सगळ्यात जास्त फाईली इथे अडतात. बहुतेक पॉलिसींमध्ये दातांच्या उपचाराला वगळलेलं असतं, अपघाताने भरती व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. आता जबड्याचे सर्जन शिकतात दंत महाविद्यालयात, बसतात दंत विभागात, त्यांची पदवी एमडीएस. म्हणून विमा टेबलावरचा मुलगा फॉर्मवर बेधडक "डेंटल सर्जरी" टाकतो. पलीकडे फाईल पाहणाऱ्याला तेवढंच दिसतं. भाच्याची पहिली फाईल अशीच गेली होती.

उपाय फॉर्म भरतानाच करायचा. फॉर्मचा डॉक्टरांनी भरायचा भाग टेबलावर नका भरू देऊ, सर्जनच्या किंवा त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरच्या हाताने भरून घ्या. त्यात विभागाचं नाव "मुख व जबडा शस्त्रक्रिया" असं पूर्ण यावं. निदानाचा आयसीडी कोड, म्हणजे त्या आजाराचा जगभर ठरलेला क्रमांक, टाकावा. जबड्याच्या हाडाच्या आणि त्याच्या ठेवणीच्या दोषांचे कोड के ०७ मध्ये येतात, खालच्या जबड्याच्या फ्रॅक्चरचा एस ०२.६, आणि झोपेत श्वास अडकण्याचा जी ४७.३. आमच्या पहिल्या फॉर्मवर कोडच नव्हता. दुसऱ्यावर के ०७ सोबत जी ४७.३ सुद्धा होता, कारण ऑपरेशन श्वासासाठी होतं.

सोबत सर्जनचं लेटरहेडवर पत्र हवं. त्यात साध्या चार गोष्टी: शस्त्रक्रिया जबड्याच्या हाडावर आहे, पूर्ण भूल देऊन आहे, इतके दिवस भरती लागेल, आणि दात काढणं, बसवणं किंवा सरळ करणं यात धरलेलं नाही. शेवटचं वाक्य मागून घ्या. डॉक्टरांना ते इतकं उघड वाटतं की ते लिहीत नाहीत.

"सौंदर्यासाठी" म्हणून परत आलं

भाच्याचा दुसरा नकार हा होता. ताई त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, "माह्या लेकराचा जीव घुसमटते अन् हे म्हन्तेत तोंड सुंदर कराले चाल्ला."

कलम मात्र नीट वाचलं पाहिजे. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत ते सारखंच आहे, वगळणूक क्रमांक ८. रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया धरत नाहीत. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतर पुन्हा घडण करायची असेल तर धरतात, आणि आरोग्याला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचाराचा भाग म्हणून केली असेल तरीही धरतात. अट एकच, ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केली पाहिजे. म्हणजे दार तिथेच आहे. आपल्या कागदांत धोका लिहिलेला नसतो, म्हणून ते बंद राहतं.

फाईल पाहणारा माणूस पेशंटला पाहत नाही. त्याला घोरणं ऐकू येत नाही, ताईची जागरणं दिसत नाहीत. त्याच्यासमोर कागद असतो. जबडा काय करू शकत नाही ते आकड्यात लिहिलेलं असेल तर त्याला हो म्हणता येतं. "चावायला त्रास" या शब्दांवर कोणी मंजुरी देत नाही.

आम्ही काय जमवलं ते सांगते. नागपूरला एका रात्रीची झोपेची तपासणी केली. तासाला ३४ वेळा श्वास अडकतो असं आलं. ५ पर्यंत ठीक धरतात, ३० च्या वर गेलं की तीव्र. रात्रीतला सगळ्यात कमी ऑक्सिजन ७८ टक्के. डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, त्यावर जिभेमागची वाट किती अरुंद आहे ते सर्जननी पेनाने खूण करून दाखवलं. वजन लिहिलं, कारण स्थूलपणामुळे घोरतो असं कोणी म्हणू नये. भाचा ५१ किलोचा. श्वासाचं यंत्र महिनाभर भाड्याने आणून लावलं होतं, गावातली वीज रात्री तीन-तीन तास जायची आणि मास्कही त्याच्या हनुवटीवर नीट बसायचा नाही, तेही डॉक्टरांनी लिहिलं. दुसरा उपाय करून पाहिला होता का, हा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर आधीच फाईलमध्ये असावं.

तुमची तक्रार तोंड न उघडण्याची असेल तर समोरच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं, आपली तीन बोटं उभी बसतात. ज्याचं १० मिलिमीटर उघडतं त्याच्या कागदावर "तोंड कमी उघडते" एवढंच लिहिलं असेल तर तो आकडा कुठे आहे, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारा.

आता खोट कुठून निघाली ते बघा. तारा लावणाऱ्या डॉक्टरांच्या १४ महिने जुन्या चिठ्ठीवर "चेहऱ्याची बाजूची ठेवण सुधारणे" असा एक उद्देश लिहिला होता. दंतोपचारात असं लिहिण्याची पद्धतच आहे, त्यांचा दोष नाही. आम्ही ढिगाने कागद जोडले त्यात तीही चिठ्ठी गेली आणि कंपनीने नेमकी तीच ओळ उचलली. कागद लपवायचा नाही, पण कागद जोडण्याआधी प्रत्येक ओळ वाचायची. अशी ओळ असेल तर त्याच डॉक्टरांकडून उपचाराचा पूर्ण उद्देश सांगणारी नवी चिठ्ठी घेऊन दोन्ही सोबत जोडायच्या. आम्ही तसंच केलं.

कंपनीचा तपासनीस गावातही आला होता. चौकात त्याने कोणाला विचारलं आणि कोणीतरी सहज सांगितलं, "पोरासाठी मुलगी पाह्यनं चालू हाय ना." ते त्याच्या अहवालात गेलं. म्हणून तपासनीस येणार असं कळलं तर घरचं माणूस घरी राहावं, त्याला चहा द्यावा, फाईल समोर ठेवावी आणि पेशंटला स्वतः बोलू द्यावं.

"जन्मजात दोष" म्हणून परत आलं

हा तिसरा घाव होता आणि तो आमच्याच बोलण्यातून बसला.

भरतीपूर्व तपासणीत एका शिकाऊ डॉक्टरने ताईला विचारलं, "हे कधीपासून आहे?" ताई म्हणाली, "लहानपणापासूनच हाय जी त्याले." त्याने केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं, जन्मापासून. संपलं. बाहेरून दिसणाऱ्या जन्मजात दोषाचा खर्च बहुतेक पॉलिसी देतच नाहीत. त्याला प्रतीक्षा कालावधीही (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ थांबणं) नसतो, तो कायमचा बाहेर.

खरी गोष्ट अशी की भाचा सात वर्षांचा असताना बंडीवरून हनुवटीवर पडला होता. बैल बुजले, हा पुढे बसलेला, तोंडावर आपटला. हनुवटी फाटली, तिला टाके पडले. आत कानापुढे जबड्याचा सांधा मोडला होता हे कोणाच्या लक्षात आलं नाही. लेकराच्या खालच्या जबड्याची वाढ ज्या भागातून होते तो भाग त्या सांध्यापाशीच असतो. डाव्या बाजूची वाढ खुंटली, म्हणून हनुवटी मागे राहिली आणि डावीकडे वळली.

हे सिद्ध कसं करायचं? पंधरा वर्षांपूर्वीचे कागद कोणाकडे असतात? तरी शोधा. आमच्या ताईच्या लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या थैलीत टाके घालणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. तारीख स्पष्ट होती. तीही नसती तर सीटी स्कॅन होता: त्यात डाव्या सांध्याचं टोक आखूड आणि बसकं, उजवं नीट. सर्जननी पत्रात लिहिलं की हा जुन्या इजेनंतरचा वाढीतला दोष आहे, जन्मजात नाही, आणि केसपेपरवरची नोंद त्यांनी स्वतःच्या सहीने व तारखेने दुरुस्त केली. खाडाखोड नाही, खाली नवी नोंद. विमावाले खाडाखोड लगेच पकडतात.

तेव्हा घरच्यांना आधीच समजावून ठेवा. "कधीपासून" असं विचारलं की वर्ष सांगायचं, कारण सांगायचं. "पहिल्यापासून", "लहानपणापासून", "असाच आहे" हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात आणि कागदावर त्यांचा अर्थ बदलतो. अर्थात दोष खरोखर जन्मापासून असेल तर तसंच सांगा. खोटी नोंद करून घेतलेला दावा पुढे सगळी पॉलिसी बुडवतो.

याच पत्रात कंपनीने "पॉलिसीपूर्वीचा आजार" हाही मुद्दा घातला होता. तो लवकर सुटला. पूर्वीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा कालावधी २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि पॉलिसी सलग ६० महिने चालली असेल तर माहिती लपवली या कारणाने दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. भाऊजींच्या पॉलिसीला ६५ महिने झाले होते. सगळ्या वर्षांच्या नूतनीकरणाच्या पावत्या जोडल्या, मुद्दा गेला.

अपघातातलं जबड्याचं फ्रॅक्चर

इथे रोगाचे मुद्दे नसतात, ३० दिवसांचा सुरुवातीचा प्रतीक्षा कालावधीही अपघाताला लागत नाही. अडतं ते हकिगतीवर. गाडी घसरून पडलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात पोलिसांच्या भीतीने "घरात पाय घसरला" सांगतो आणि नागपूरला गेल्यावर खरं सांगतो. दोन कागद, दोन हकिगती, दावा संशयात. पहिल्या दवाखान्यातच खरं सांगा, एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची दवाखान्यातली नोंद) करून घ्या आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. दारूचा वास होता की नव्हता हेही पहिल्या कागदावर असतं. नव्हता तर "नाही" असं लिहिलंय का ते निघण्यापूर्वीच वाचा.

खर्रा

आमच्या भागात हे टाळून जमणार नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा दहा-बारा वर्षं खाल्ला की गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ होते, तोंड उघडत नाही. चोविशीतली पोरं माझ्याकडे येतात, ज्यांच्या तोंडात एक बोट जात नाही. खासगी विमा कंपनी इथे व्यसनाचं कलम लावते आणि विम्याच्या अर्जात "तंबाखू खातो का" याला "नाही" लिहिलं असेल तर दुहेरी अडचण. एजंट तो रकाना न विचारता भरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या पेशंटना मी सरळ महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेकडे पाठवते.

योजनेची गोष्ट निघाली तर सगळ्यांसाठीच सांगते. खासगी पॉलिसी असली तरी ही योजना आधी तपासा. जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही घेतलं आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला तुमच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज यादीत आहे का आणि या रुग्णालयाला त्या विभागाची मान्यता आहे का, असे दोन्ही प्रश्न विचारा. चौकशीसाठी १५५३८८. रेशनकार्डावर पेशंटचं नाव चढलेलं असावं. नवी सून आणि लहान मुलं यांची नावं राहून जातात, ती आजारपणाची वाट न पाहता चढवा. भाच्याच्या बाबतीत आरोग्यमित्राने यादी बघितली, पण जबडा पुढे आणण्याचं पॅकेज त्याला मिळालं नाही, म्हणून आम्ही पॉलिसीकडे वळलो. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही जबड्याची कामं होतात; पैशांची अजिबात सोय नसेल तर तिथली ओपीडी गाठा.

आणखी कुठे अडतं

पॉलिसीवर ईमेल कोणाचा आहे ते आजच बघा. पाचपैकी तीन पॉलिसींवर एजंटचा होता, एकीवर खताच्या दुकानदाराचा. भाच्याची क्वेरी चार दिवस एजंटच्या मेलमध्ये पडून होती आणि एजंट लग्नाला गेलेला. मोबाइल नंबरही जुना, रिचार्ज संपून बंद झालेला. दोन्ही कंपनीच्या कार्यालयात किंवा अॅपवर बदलता येतात, एजंटची परवानगी लागत नाही.

नाव. आधारवर आडनाव शेवटी, पॉलिसीवर सुरुवातीला, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळ्या स्पेलिंगने. एवढ्यावर मोठी फाईल अडत नाही, पण क्वेरी लागते आणि दोन दिवस जातात.

हप्त्याची तारीख ही आमच्याकडची खरी दुखरी जागा. भाऊजींचा हप्ता जुलैत येतो. तेव्हा बियाणं, खत, निंदण, घरात एक रुपया नसतो. लोक म्हणतात कापूस आला की भरू. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते, पण त्या दिवसांत भरती झालात तर संरक्षण नाही. आणि ३० दिवसही गेले तर पॉलिसी तुटते आणि प्रतीक्षा कालावधी पुन्हा पहिल्यापासून. ज्यांच्या तारा लागल्यात आणि दीड वर्षाने ऑपरेशन आहे, त्यांच्यासाठी हा मधला जुलै सगळ्यात धोक्याचा. कंपनीकडे मासिक किंवा तिमाही हप्त्याची सोय विचारा. आता दोघांच्या पॉलिसी मी तशा करून दिल्या.

मंजुरी आली, पण कमी आली

अखेर भाच्याची फाईल मंजूर झाली. अंदाजपत्रक २ लाख ४० हजारांचं, पहिली मंजुरी ९० हजारांची. घाबरलो. रुग्णालयातल्या बाईंनी सांगितलं, पहिली रक्कम अशीच येते, ऑपरेशननंतर नोंदी आणि बिलं पाठवून वाढीव मंजुरी मागायची. तसं झालंही. टायटॅनियम पट्ट्या आणि स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवून घ्या, त्यांची पावती वेगळी घ्या. नाहीतर तेवढी रक्कम हमखास कापतात. खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेत ठेवा. ३ लाखांच्या पॉलिसीत दिवसाला ३ हजारांची मर्यादा असेल आणि तुम्ही ५ हजारांची खोली घेतली, तर वरचे दोन हजार जाऊन भागत नाही, सर्जनची फी आणि इतर आकारही त्याच प्रमाणात कापले जातात.

शेवटी ३८ हजार कापले. कारण, हनुवटीचं हाड पुढे सरकवणं सौंदर्यासाठी आहे. जबड्याबरोबर हनुवटीचंही ऑपरेशन असेल तर ते कशासाठी, हे पहिल्याच पत्रात यायला हवं होतं. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो, हाड पुढे आलं की जीभही पुढे ओढली जाते आणि झोपेत मागे पडत नाही. सर्जननी हे तोंडी सांगितलं होतं. कागदावर नव्हतं. तुमच्या फाईलमध्ये ते आधीच घालून घ्या.

त्या ३८ हजारांसाठी आम्ही आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाला लिहिलं. दोन आठवड्यांत नकार आला. मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकून निवाडा देणारे अधिकारी. विदर्भातल्या तक्रारी पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही की तिथे जाता येतं, नकारापासून एक वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. पुण्याला जावं लागलं नाही. सुनावणी व्हिडिओवर झाली, माझ्याच केंद्रात. खोलीचा पंखा बंद केला, कारण त्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. ताई, भाऊजी, भाचा एका बाकावर बसले. आमच्या हातात दोनच कागद होते: सर्जनचं स्नायूचं कारण सांगणारं नवं पत्र, आणि ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी पुन्हा केलेली झोपेची तपासणी. ३४ चे ६ झाले होते. कंपनीच्या प्रतिनिधींनी कलम वाचून दाखवलं. लोकपालांनी भाच्याला विचारलं, आता रात्री झोप लागते का. तो म्हणाला, "हो सर, आईलेही लागते."

निवाडा आमच्या बाजूने आला. पैसे भाऊजींच्या खात्यात जमा झाले तेव्हा शेतातलं सोयाबीन निघायला लागलं होतं.